अण्णांच्या खोलीतला आवाज: नवी सिस्टिम घ्यायची की नाही (प्रकल्प नोंदी)

१ जून २०२५, रविवार

काल दुकानातून कोटेशन आणलं. अ‍ॅम्प्लिफायर ३८,०००, स्पीकरची जोडी ४२,०००, वायरी आणि स्टँडचे ७,५००. एकूण ८७,५००. एवढी रक्कम मी बाजूला काढून ठेवलेली आहे, त्यामुळे पैसे कुठून आणायचे ही अडचण नाही. ते घातल्यावर अण्णांना गाणं नीट ऐकू येणार का, हे कळायला हवं.

अण्णा ७९ वर्षांचे आहेत. सकाळी सहाला चहा आणि मग आठपर्यंत गाणं, हा नेम मी शाळेत होतो तेव्हापासूनचा. त्यातही जयपूर-अत्रौली घराण्याचंच. अल्लादिया खाँसाहेबांना (१८५५–१९४६) शाहू महाराजांनी दरबारी आणलं आणि ती गायकी कोल्हापूरची झाली. अण्णा तिला घरचं गाणं म्हणतात. तरुणपणी देवल क्लबातल्या बैठकांना पुढच्या सतरंजीवर बसलेला माणूस. तो गेलं वर्षभर म्हणतोय, ''सूर येतोय रे, पण शब्द कळंनात. बंदिशीचं तोंड तेवढं समजतं, अंतरा सगळा वाहून जातो.'' मग बटण फिरवून आवाज वाढवतात. आता ते बटण घड्याळातल्या दोनच्या जागी असतं आणि स्वयंपाकघरात आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

मी फौंड्रीत क्वालिटी बघतो. कास्टिंग परत पाठवताना नुसतं 'खराब' लिहून चालत नाही. ब्लो होल आहे, श्रिंकेज आहे की वाळू धरलीय, हे लिहावं लागतं. दोषाला नाव मिळालं की कारण सापडतं, कारण सापडलं की दुरुस्ती. एक कास्टिंग गेलं म्हणून कुणी नवी भट्टी घेत नाही. तेव्हा दोषाचं नाव या वहीत लिहून होईपर्यंत कोटेशनला हात लावायचा नाही.

७ जून, शनिवार

दुकानात जाऊन दोन अ‍ॅम्प्लिफायर आलटून पालटून ऐकले. महागडा लगेच सरस वाटला. आवाज मोकळा, तबला जवळ आल्यासारखा. खिशातला मोबाईल काढून त्यावरच्या मीटरनं आवाज मोजला, तर महागडा तीन-साडेतीन डेसिबलनं मोठा लावलेला होता. एवढ्या फरकाला कान 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. दोन्ही सारखे करून लावा म्हटल्यावर विक्रेत्यानं बटण थोडं खाली घेतलं, पण मग गाणंच बदललं. तुलना तिथंच संपली.

एक गोष्ट मात्र तिथून घेऊन आलो. त्यांच्या खोलीत गालिचा, भिंतीवर कापड, वर जाळीदार छत. निघताना सहज टाळी वाजवली, ती तिथल्या तिथं विरली. घरी येऊन तशीच टाळी अण्णांच्या खोलीत वाजवली. ती भिंतीभिंतीला आपटत चरचरत राहिली, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी.

८ जून, रविवार

खोली मोजली. १४ फूट बाय ११ फूट, उंची १० फूट. शहाबादी फरशी, गुळगुळीत गिलावा, वर स्लॅब, एका बाजूला काचेचं शोकेस. मऊ म्हणावं असं काही नाही. अण्णांची खुर्ची, एक दिवाण आणि खिडकीला पातळ पडदा एवढंच.

वॉलेस सॅबिन नावाच्या प्राध्यापकानं १८९० च्या दशकात हार्वर्डमध्ये याचाच छडा लावला होता. नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. त्यानं जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तिथं मांडल्या, एकेक वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि पहाटेआधी गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनमीटरमधलं आकारमान गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. येतात ते सेकंद. आवाज साठ डेसिबल खाली यायला लागणारा वेळ.

आमची खोली ४३.६ घनमीटर भरते. फरशी, भिंती, दिवाण, माणूस असं सगळं धरून शोषण सव्वासहाच्या आसपास येतं. म्हणजे १.१ सेकंद. एवढ्या खोलीला अर्धा सेकंद शोभतो. जलद बोलतानसारखी (बंदिशीचे शब्द घेऊन केलेली तान) जागा आली की पहिलं अक्षर खोलीत फिरत असतानाच दुसरं त्याच्यावर येऊन पडतं. स्वर लांब असतो, म्हणून तो टिकतो. व्यंजन क्षणाचं असतं, म्हणून ते बुडतं. ''सूर येतोय, शब्द कळंनात'' याचा हा एक अर्थ झाला.

रात्री अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, ''केशवराव भोसल्यात मागच्या बाकावर बसून पद ऐकू यायचं. माईक कुठं होता तवा?'' १९१५ सालचं ते पॅलेस थिएटर, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं त्या रात्री अण्णा जेवले नव्हते. इमारतसुद्धा गाण्याचं वाद्य असते, हे त्यांना कुठलंही सूत्र न शिकता ठाऊक होतं.

१५ जून, रविवार

आज मोठा दोष सापडला.

याच घराण्याच्या गायिका केसरबाई केरकरांची जुनी तबकडी लावली होती. तीन-साडेतीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण, अर्थातच मोनो. मोनोमध्ये दोन्ही स्पीकरना एकच सिग्नल जातो. बरोबर मधे बसलं तर गाणारी व्यक्ती दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत उभी आहे असं वाटायला हवं. इथं आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा, पोकळ. कुठं बोट दाखवावं कळेना. एक स्पीकर बंद केला की उलट भरीव वाटायचा.

दोन्ही स्पीकरच्या जाळ्या काढल्या. टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल घेतला, मागच्या लाल टोकाला धन, काळ्याला ऋण, क्षणभर टेकवलं. डावा कोन पुढं आला. उजव्याला तेच केलं, तो आत गेला. उजवा उघडला तर आत वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या कोनाच्या) टोकांवरच्या वायरी उलट डकवलेल्या. आठ वर्षांपूर्वी तो एकदा दुरुस्तीला दिला होता; तिथंच झालं असणार. डावा हवा ढकलतो तेव्हा उजवा ओढतो. खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि मधला गायक नाहीसा होतो. आठ वर्षं अण्णा असं ऐकत होते आणि मला कळलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

वायरी बदलल्या. तीच तबकडी पुन्हा. बाई मधे येऊन उभ्या राहिल्या.

अण्णा काही बोलले नाहीत. फक्त उजवा हात मांडीवर समेला पडला.

खर्च शून्य.

२२ जून, रविवार

जाळ्या उघड्या आहेत तोवर बाकीचंही बघून घ्यावं म्हणून डाव्या वूफरच्या कडेच्या फोमला बोट लावलं. बोट आत गेलं. काळा, चिकट भुगा बोटाला आला, ओल्या तंबाखूसारखा. १९९४ साली बोनसच्या पैशांतून घेतलेले स्पीकर. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत असा कुजतोच आणि आमच्याकडं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. उजव्याची रिंग दुरुस्तीत बदललेली असावी, ती शाबूत आहे. पण एकच नवी घालायची नाही, दोन्ही बदलायच्या.

मल्टिमीटरनं कॉइल तपासली. दोन्हींत साडेसहा ओहमच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरला एवढंच यायला हवं. म्हणजे चुंबक, कॉइल, कोन सगळं ठणठणीत. खराब आहे ती फक्त कड. क्रॉसओव्हरमधले (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) चार कपॅसिटर मोजले तर ४.७ मायक्रोफॅरडचे साडेसहापर्यंत गेलेत. तेही बदलू.

२९ जून, रविवार

रबरी रिंगा आल्या. जुना डिंक स्पिरिटनं भिजवून, लाकडी चमच्याच्या दांड्यानं खरवडत बसलो. एका वूफरला दोन तास. भाचा मदतीला होता.

यातली नाजूक जागा म्हणजे कोन मधोमध बसवणं. कॉइल आणि चुंबक यांच्यात केसाएवढीच फट असते. कोन जरा कलला तर कॉइल घासते आणि बारीक खरखर येते. त्यासाठी मधली टोपी ब्लेडनं अलगद कापून काढली आणि फटीत जुन्या फोटोंच्या निगेटिव्हच्या चार पट्ट्या चारी बाजूंनी खोचल्या. मग रिंग चिकटवली, वर ताटल्या ठेवल्या, रात्रभर हात लावला नाही. निगेटिव्ह आमच्या लग्नाच्या अल्बममधल्या होत्या. 'फोटो आहेत, ने,' असं म्हणून हिनंच काढून दिल्या.

६ जुलै, रविवार, आषाढी

पट्ट्या काढल्या, बोटांनी कोन सरळ दाबून बघितला. घासत नाही. नवे कपॅसिटर जोडले, टोप्या चिकटवल्या. दोन रिंगा, डिंक आणि कपॅसिटर मिळून १,६५०.

पाऊस इतका की दिवसभर वीज जात-येत होती. ऐकणं झालं नाही.

१३ जुलै, रविवार

आता खोली. बाजारात तयार शोषक पॅनेल मिळतात, पण सॅबिनच्या गाद्या डोक्यात होत्या, म्हणून पिंजाऱ्याकडं गेलो. त्याला चार फूट बाय दोन फूट, चार इंच जाडीच्या चार गाद्या सांगितल्या, निजायच्या गादीपेक्षा जरा सैल भरून. ''भिंतीला गादी कशाला, पाव्हणं?'' त्यानं विचारलं. टाळीचं सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या दुकानात बोललेलं दुकानातच राहतं, रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला आत बोलवावं लागतं. मग त्यानं तिथंच एक टाळी वाजवली. काही उरलं नाही.

लाकडी चौकट, वर साधं मांजरपाट. जाड प्लास्टिक किंवा रेक्झिन चालणार नाही, हवा आरपार गेली पाहिजे. चौकटी भिंतीला चिकटवल्या नाहीत, मागं दोन इंच फट ठेवली. फटीमुळं जरा खालचे सूरही शोषले जातात आणि पावसाळ्यात कापसाला ओल धरत नाही.

कुठं टांगायच्या ते आरशानं ठरवलं. मी अण्णांच्या खुर्चीत बसलो, भाचा बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत गेला. आरशात जिथं स्पीकर दिसला तिथं खडूनं फुली. आवाज तिथूनच उसळून कानाशी येतो. दोन बाजूंना दोन, उरलेल्या दोन मागच्या भिंतीला. चारी मिळून ४,४००. सहा बाय नऊचा गालिचा ४,५००, खिडकीला जाड पडदा ३,८००.

स्पीकर आजवर शोकेसच्या फळीवर होते. उद्यमनगरात ओळखीच्या वेल्डरकडून चौकोनी पाइपचे दोन स्टँड करून घेतले, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असे. पाइपात वाळू भरली, नाहीतर पाइप स्वतःच वाजतो. वाळू आमच्या फौंड्रीतलीच, कोरडी. २,२०० रुपये.

१९ जुलै, शनिवार

भाच्यानं कॉलेजातून मोजणीचा माईक आणला. लॅपटॉपवर रूम ईक्यू विझर्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ते खालपासून वरपर्यंत एक सूर सरकवत नेतं आणि खोली त्याचं काय करते ते आलेखात दाखवतं.

विरण्याचा वेळ ०.६ सेकंद. गणितानं ०.५७ सांगितला होता. फौंड्रीतही इतकं जुळलं की आम्ही चहा पाजतो.

पण आलेखात ८० हर्ट्झला एक उंच सुळका होता. अण्णांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकून असते आणि भिंतीलगत खर्जाचा दाब सगळ्यात जास्त असतो. १४ फुटांच्या लांबीत ४० आणि ८० हर्ट्झ घुमतात. डग्ग्याचं घुमणं फुगून बाकीच्यावर बसत होतं ते त्यामुळं. खुर्ची सव्वातीन फूट पुढं घेतली. सुळका निम्म्याहून जास्त उतरला.

अण्णांना खुर्ची हललेली आवडली नाही. ''पाठीला भिंत लागते मला.'' मागं छोटं कपाट सरकवून दिलं, पुस्तकांचं. पुस्तकंही आवाज विस्कटवतात, म्हणजे दोघांचं जमलं.

२६ जुलै, शनिवार

आता कोटेशनमधला पहिला आकडा. एका मित्रानं त्याचा नवा अ‍ॅम्प्लिफायर आठवड्यासाठी दिला; किमतीत कोटेशनच्या बरोबरीचा. आमचा जुना ३० वॉटचा.

आधी वॉटचं. स्पीकरच्या मागच्या पट्टीवर एका वॉटला एका मीटरवर ८९ डेसिबल असं आहे. खुर्ची अडीच मीटरवर, म्हणजे आठ डेसिबल वजा. त्यातले थोडे खोली आणि दुसरा स्पीकर परत देतात. अण्णा आता ७५ च्या आसपास ऐकतात. त्याला वॉटचा चौथा हिस्साही पुरतो आणि तान उसळली, पंधरा डेसिबल वर गेली, तरी आठ वॉटच्या आत. तिसाचे साठ वॉट केले तर मिळतात फक्त तीन डेसिबल. आम्हाला तेही लागत नाहीत.

मग ऐकण्याची परीक्षा. १ किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला आणि दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एका टक्क्याच्या आत सारखे केले. दुकानात झालेली चूक इथं होऊ द्यायची नव्हती. भाचा पडद्याआड, त्याच्या हातात अदलाबदलीचा स्विच आणि प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरवायचं. सोळा फेऱ्या. सोळात निदान बारा बरोबर आल्या तरच फरक ऐकू येतो असं म्हणता येतं.

माझ्या नऊ आल्या. हिच्या सात. अण्णांनी पाच फेऱ्यांनंतर सांगितलं की दोन्ही एकच माणूस गातोय, आता गाणं पुरतं लावा.

३८,००० कोटेशनमधून वजा.

फाइलच्या दर्जाचंही इथंच लिहून ठेवतो. सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट म्हणजे २२ हजार हर्ट्झपर्यंतचा सूर आणि ९६ डेसिबलची उंची-खोली. आम्ही ऐकतो त्यातलं निम्म्याहून जास्त जुन्या तबकड्यांवरून आलेलं आहे आणि त्यांच्या वरच्या टोकाला सुईची खरखर सोडली तर फारसं काही नसतं. त्यासाठी १९२ किलोहर्ट्झच्या यंत्राला पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. काल ध्वनिमुद्रित झालेलं गाणंही सीडीच्या मापात व्यवस्थित मावतं.

२ ऑगस्ट, शनिवार

पंधरा दिवस अण्णांना ऐकताना बघतोय. बटण दोनवरून अकरावर आलं. मल्लिकार्जुन मन्सूरांचं विलंबित तासभर, मधे न उठता. पण परवा म्हणाले, ''आता बाई समोर दिसतात. शब्दाच्या कडा मात्र अजून झिजलेल्या.''

यंत्र झालं, खोली झाली. ऐकणारा कान मी मोजलाच नव्हता. त्यांना घेऊन आज तपासणीला गेलो. काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून, सूर आला की बटण दाबायचं. आलेख हातात आला तेव्हा मला समजवावं लागलं नाही, गेले दोन महिने मी असलेच आलेख बघत होतो. ५०० हर्ट्झला ऐकू येण्यात ३० डेसिबलची घट, तिथून उतार, ४,००० ला ६०. दोन्ही कान जवळजवळ सारखे. स्वरांचं बळ खालच्या बाजूला असतं. स, श, त, फ यांची धार वरच्या. वयानं जातो तो नेमका वरचा भाग आणि अशा कानाला घुमणारी खोली दुप्पट जाचते. जून महिन्यात तिन्ही दोष एकावर एक चढलेले होते.

येताना रिक्षात अण्णा गप्प होते. रंकाळ्याच्या कडेनं आलो. मग म्हणाले, ''कानाला यंत्र लावलं की तंबोरा तंबोऱ्यासारखा लागंल का?''

१० ऑगस्ट, रविवार

आठ दिवसांसाठी श्रवणयंत्रं आणली. बोलणं पहिल्याच दिवशी सुधारलं, नातीला 'काय?' म्हणणं बंद झालं. पण तंबोऱ्याबद्दलची त्यांची शंका खरी ठरली. सकाळी तंबोरा सुरू झाला की यंत्रातून सुराभोवती थरथर यायची, जणू जवारी (घोडीवरची तारेची बैठक) बिघडलीय. अण्णांनी ती काढून डबीत ठेवली.

ही यंत्रं बोलण्यासाठी लावलेली असतात. शिट्टी वाजू नये म्हणून एकसारखा लांब सूर आला की ती त्यालाच शिट्टी समजून दाबायला बघतात. तंबोरा, बासरी, लांब आकार, सगळ्यांची हीच गत. पंख्याचा आवाज म्हणून दाबायलाही तंबोरा सोपाच.

१३ ऑगस्ट, बुधवार

अर्धा दिवस रजा काढून ऑडिओलॉजिस्टकडं गेलो. मोबाईलवर तंबोऱ्याचा सूर नेला होता. त्यांनी तो ऐकत ऐकतच गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून दिला: शिट्टी दाबणं अगदी कमी, गोंगाट दाबणं बंद, हळू-मोठ्याचा फरक कमी चेपला जाईल असा. बटण एकदा दाबलं की बोलणं, दोनदा दाबलं की गाणं.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी सहा. चहा. अण्णांनी बटण दोनदा दाबलं. केसरबाईंचीच तबकडी लावली, १५ जूनची.

अंतऱ्यातला एक शब्द अण्णा कित्येक वर्षं चुकीचा म्हणत आले होते. आज त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं, मागं न्यायला लावलं, पुन्हा ऐकलं. मग तो शब्द स्वतः म्हणून बघितला, दोनदा. ''आत्ता अर्थ लागला,'' म्हणाले. आणि लगेच, ''आवाज कमी कर जरा.''

बटण नऊवर.

२४ ऑगस्ट, रविवार

श्रवणयंत्रांची जोडी ६४,००० ला ठरवली, पैसे भरले. स्पीकर आणि खोलीवर आजवर १६,५५० गेले. कोटेशन दुकानात परत देऊन आलो आणि कारणही सांगितलं. एवढा वेळ त्यांनी दिला होता. मित्राचा अ‍ॅम्प्लिफायर केव्हाच पोचवला. कोटेशनमधली ४२,००० ची स्पीकरची जोडी चांगली होती, हे मला मान्य आहे. तिचा फरक आमच्या जोडीपुढं कदाचित ऐकूही आला असता. पण या कानांपर्यंत तो पोचणार नव्हता.

उजव्या बाजूनं पंचमाला बारीक किणकिण येत होती. स्पीकर नव्हता, शोकेसची काच होती. खाचेत सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली.

बुधवारी गणपती. मखर याच खोलीत असतं, त्यामुळं गालिचा गुंडाळला आणि खुर्ची बाहेर काढली. फरशीवर तिच्या चार पायांच्या जागी खडूनं खुणा केल्या आहेत. अण्णांनी वाकून त्या बघितल्या, म्हणाले, लादी पुसताना जातील. मग आतून ऑइलपेंटचा डबा आणि काडी घेऊन आले.